इबिझाला जायचंय? आधी महिना ठरवा, मग मुक्काम. क्लबचं शेवटी बघू

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातले चौघं मित्रमैत्रिणी, सगळे तिशीतले, ऑगस्टमध्ये पाच रात्रींसाठी इबिझाला जायचं म्हणताहेत. दिवसा बीच आणि रोज रात्री एक मोठा क्लब, असा बेत आहे. चौघांत एक पक्की शाकाहारी आहे आणि एकाला नाचण्यात फारसा रस नाही. बेत बरोबर आहे का, राहायचं कुठे, खर्च किती येईल, आणि न नाचणाऱ्याने तिथे करायचं काय?

जरूर जा. पण ऑगस्ट टाळा, आणि पाच रात्री पाच क्लब हा बेत तर आजच रद्द करा. स्पेनच्या सहली आखणं हे माझं रोजचं काम आहे. इबिझाहून नाराज होऊन परतलेल्यांशी बोललं की बहुतेक वेळा तीनच गोष्टी निघतात: महिना चुकला, मुक्काम चुकला, किंवा झोपेचा हिशोबच केला नव्हता.

आधी बेटाचा आवाका लक्षात घ्या. भूमध्य समुद्रात, स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्हॅलेन्सिया शहरापासून साधारण दीडशे किलोमीटरवर हे बेट आहे. क्षेत्रफळ ५७१ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा थोडं कमीच. कायम राहणारी वस्ती दीड लाखाच्या आसपास. ऑगस्टमध्ये निम्मा युरोप सुट्टीवर असतो आणि इटालियन व स्पॅनिश लोक कुटुंबासह इथेच येतात. त्यामुळे हॉटेलांचे दर जवळपास दुप्पट होतात, टॅक्सीच्या रांगेत तासभर जातो आणि काला कोम्तेसारख्या प्रसिद्ध बीचचं पार्किंग सकाळीच भरतं. पाणी तेच, संगीत तेच, फक्त त्यासाठी जास्त पैसे मोजून कमी मिळतं.

हंगाम एप्रिलअखेर सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धात संपतो. मे महिना स्वस्त आणि सुंदर असतो, पण समुद्र गार असतो. पाण्याचं तापमान अठरा-एकोणीस अंश, आणि कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असलेला माणूस गुडघ्यापर्यंत जाऊन परत फिरतो. जूनचा उत्तरार्ध चांगला. तुमच्यासाठी मात्र मी सप्टेंबरचा मध्य निवडेन. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा चोवीस-पंचवीस अंशांवर असतं, सगळे क्लब चालू असतात, आणि शाळा सुरू झाल्याने कुटुंबांची गर्दी ओसरलेली असते. सप्टेंबरच्या शेवटापासून ‘क्लोजिंग पार्ट्या’ सुरू होतात, तिकिटं पुन्हा चढतात, म्हणून त्याआधीचा पंधरवडा गाठा. या दिवसांत एखादं वादळी पावसाचं सत्र येऊ शकतं. तेव्हा बोटीने जायचा दिवस पक्का बांधून ठेवू नका, एक दिवस इकडेतिकडे करता आला पाहिजे.

आता क्लबचं. इथली रचना समजली की निम्मे पैसे वाचतात. इबिझात तारखेपेक्षा वार महत्त्वाचा. एखादी पार्टी किंवा एखादा डीजे संपूर्ण उन्हाळा एका क्लबमध्ये ठरावीक वारी असतो. विमानतळाजवळच्या डीसी-टेन क्लबमधली ‘सर्कोलोको’ ही पार्टी म्हणजे सोमवार, हे इथे वर्षानुवर्षांचं समीकरण आहे. ती दुपारी सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी तुम्हाला ज्यांचं संगीत खरोखर ऐकायचंय त्यांचे वार शोधा आणि त्याभोवती मुक्काम बसवा. बहुतेक लोक उलटं करतात आणि मग ‘आम्ही होतो त्या दिवसांत काही खास नव्हतं’ म्हणतात.

दुसरी गोष्ट वेळांची. बंदिस्त क्लब मध्यरात्री उघडतात, रंगायला दोन वाजतात आणि सकाळी सहाला संपतात. प्लाया द’एन बोसाच्या किनारी असलेलं उशुआया मात्र उघड्यावरचं आहे. तिथे संध्याकाळी उजेडात सुरुवात होते आणि आवाजाच्या नियमांमुळे मध्यरात्रीच्या सुमारास संपतं. ज्यांना आयुष्यात एकदा हा अनुभव घ्यायचाय पण पहाटेपर्यंत जागणं झेपत नाही, त्यांना मी डोळे मिटून उशुआया सुचवतो. तुमचा न नाचणारा मित्रही तिथे कंटाळणार नाही, कारण रंगमंच, दिवे आणि गर्दी हाच एक सोहळा असतो. समोरच हाय नावाचा क्लब आहे, पूर्वीच्या प्रसिद्ध ‘स्पेस’च्या जागी २०१७ मध्ये सुरू झालेला. दम उरलाच असेल तर रस्ता ओलांडायचा.

या सगळ्याला एक इतिहास आहे, आणि संगीताची आवड असलेल्याने तो जाणून जावं असं मला मनापासून वाटतं. पाचा हा क्लब १९७३ पासून आहे. अम्नेशिया हा दुसरा क्लब, मुळात एका जुन्या शेतघराची जागा. ऐंशीच्या दशकात तिथे आल्फ्रेदो नावाचा अर्जेंटिनाहून आलेला डीजे रॉक, सोल, पॉप, हाउस असं काहीही एकाच रात्रीत एकमेकांत गुंफून वाजवायचा. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनचे काही तरुण डीजे ते ऐकून भारावले, परत जाऊन त्यांनी तसंच वाजवायला सुरुवात केली आणि ब्रिटनमधल्या रात्रींचं स्वरूपच बदललं. त्याही आधी साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पी आले होते. उन्हाळा इबिझात आणि हिवाळा गोव्यात काढणारे त्यांच्यात बरेच होते. हणजूणचा बुधवारचा बाजार पाहिलेल्या माणसाला एस कनारमधला पुंता अराबीचा बाजार ओळखीचा वाटतो. तोही बुधवारीच भरतो आणि १९७३ पासून भरतोय. सांत कार्लेसजवळचा लास दालियास शनिवारचा. दोन्हींत आज पर्यटकांसाठीचा माल भरपूर दिसतो, पण चामड्याच्या चपला आणि चांदीकाम करणारे काही कारागीर अजून स्वतः बसतात. घ्यायचं तर त्यांच्याकडून घ्या.

पैसे. मोठ्या क्लबचं प्रवेशतिकीट साधारण पन्नास ते नव्वद युरो, मोठं नाव असेल तर त्याहून वर. आत पेयाला वीस युरोंच्या आसपास आणि पाण्याच्या छोट्या बाटलीलाही दहा-बारा युरो जातात. हे आधी माहीत नसलं की पहिल्याच रात्री मूड जातो. टॅक्सी धरून माणशी एका रात्रीचे १२० ते १५० युरो मनात धरा. पाच रात्रींचा गुणाकार तुम्हीच करा, आणि त्यात चौथ्या दिवशीचा थकवाही धरा. म्हणून दोनच रात्री निवडा, एक उघड्यावरची आणि एक बंदिस्त. तिकिटं क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या, लवकर घेतली की स्वस्त पडतात. बीचवर फिरून ‘गेस्ट लिस्ट’ विकणाऱ्यांच्या नादी लागू नका.

हॉटेलसाठी सप्टेंबरमध्ये साध्या, स्वच्छ दुहेरी खोलीला रोज दीडशे ते दोनशे युरो असा माझा अंदाज असतो. शहरात ‘ओस्ताल’ लिहिलेल्या जागा दिसतील. डॉर्मिटरी समजून त्या वगळू नका, ती घरगुती छोटी हॉटेलं असतात आणि बऱ्याचदा सगळ्यात चांगला सौदा तोच. शिवाय बेटांवर पर्यटन कर आहे. हॉटेलच्या दर्जानुसार उन्हाळ्यात माणशी रात्रीला एक ते चार युरो आणि वर व्हॅट, तो हॉटेलात वेगळा द्यावा लागतो.

राहायचं कुठे, यावर माझं मत ठाम आहे: इबिझा शहरात. पाट्यांवर त्याचं नाव एइव्हिसा असं कातालान या स्थानिक भाषेत दिसेल, गोंधळू नका. बसचं जाळं तिथून निघतं, शेजारच्या फोर्मेंतेरा बेटाची बोट तिथून सुटते, पाचापर्यंत चालत जाता येतं, आणि ज्या दिवशी काहीच करायचं नाही त्या दिवशीही पायाखाली अडीच हजार वर्षं जुनं शहर असतं. खिशाला परवडेना तर शेजारचं फिगेरेतेस बघा. प्लाया द’एन बोसा क्लबांना जवळ आहे, पण विमानतळही तितकाच जवळ आहे. वरून विमानं, खालून बेसचा दणका, आणि हे रोज. सांत आंतोनी स्वस्त आहे, सूर्यास्त अप्रतिम, मात्र तिथल्या ‘वेस्ट एंड’ भागात तरुण ब्रिटिश टोळक्यांचं पिणं चालतं. २०२४ पासून त्या पट्ट्यात रात्री साडेनऊ ते सकाळी आठ दुकानांतून दारू विकायला बंदी आहे आणि रस्त्यावर पिणाऱ्याला ५०० ते १,५०० युरो दंड होऊ शकतो. आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असती तर मी सांता एउलारिया सांगितलं असतं. शांत आहे, आणि समुद्राकाठची फरसबंदी संध्याकाळच्या फेरीला उत्तम.

इमारतीतला एखादा फ्लॅट ऑनलाइन फार स्वस्त दिसला तर थांबा. इथे पर्यटकांना जागा भाड्याने द्यायला परवाना लागतो आणि तो क्रमांक जाहिरातीत असावा लागतो. परवाना नसेल तर बुकिंग ऐन वेळी रद्द होण्याची जोखीम तुमची. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, घरं पर्यटकांकडे गेल्यामुळे बेटावर शिक्षक, परिचारिका, हॉटेलातले कामगार यांना भाड्याने घर मिळत नाही. अनेकजण हंगामभर व्हॅनमध्ये, तंबूत राहतात. तुम्हाला नाश्ता आणून देणारा मुलगा कदाचित त्यांच्यापैकीच असेल. परवाना असलेल्या जागीच राहा, ही माझी विनंती समजा.

फिरण्यासाठी बस चांगल्या आहेत. हंगामात क्लबांच्या मार्गावर रात्रभर ‘डिस्कोबस’ धावते आणि पहाटे चारला टॅक्सीची वाट पाहण्यापेक्षा ती बरी. गाडी फक्त एका दिवसासाठी घ्या, उत्तरेकडच्या भागासाठी. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून न्या. स्कूटर मात्र नको. गोव्यात चालवतो म्हणून इथेही चालवू, असं म्हणणाऱ्यांना मी दरवेळी अडवतो. उजव्या बाजूची वाहतूक, अरुंद वळणं, आणि सकाळी सहाला क्लबांतून निघालेले चालक, हे मिश्रण चांगलं नाही.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय ते. इबिझाचं पाणी इतकं नितळ का? बोटीची सावली खाली वाळूवर स्पष्ट दिसते, बोट हवेत तरंगतेय असं वाटावं इतकी. याचं मोठं श्रेय पोसिडोनिया या वनस्पतीला जातं. ते शेवाळ नव्हे. मुळं, पानं, फुलं आणि फळं येणारी ही खरी वनस्पती आहे आणि समुद्राच्या तळाशी तिची कुरणं पसरलेली आहेत. ती गाळ धरून ठेवते, प्राणवायू सोडते, माशांच्या पिलांना आसरा देते. फोर्मेंतेराजवळ २००६ मध्ये सुमारे आठ किलोमीटर पसरलेलं एकच रोप असल्याचं आढळलं. म्हणजे मूळ एक आणि बाकी सगळा त्याचाच विस्तार. ही कुरणं, जुनं शहर आणि फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांचे अवशेष मिळून १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले.

बीचवर पाय ठेवताच हीच वनस्पती तुम्हाला वेगळ्या रूपात भेटेल. सुकलेल्या तपकिरी पानांच्या पट्ट्यांचे थर पाण्याच्या कडेला साचलेले असतात. पाय टाकला की मऊ लागतात, उन्हात त्यांना उग्र खारा वास येतो. त्यांतच लिंबाएवढे काथ्यासारख्या तंतूंचे गोळे सापडतात, लाटांनी वळून वळून गोल झालेले. ‘बीच साफ करत नाहीत का?’ हा प्रश्न मला दरवर्षी येतो. हे थर हिवाळी लाटांपासून वाळू वाचवतात. ते सरसकट उचलले तर बीच झिजतो. ते दिसले म्हणजे समोरचं पाणी निरोगी आहे असं समजा.

पाच मीटरपर्यंतची, कमी ताकदीची छोटी बोट इथे परवान्याशिवाय भाड्याने मिळते आणि चौघांत ती परवडतेही. नांगर टाकताना खाली बघा. गडद ठिपका दिसला तर ती पोसिडोनिया, तिथे नांगर टाकायला कायद्याने बंदी आहे. पांढरी वाळू दिसेल तिथेच टाका. हे कुरण वर्षाला जेमतेम एखाद-दोन सेंटिमीटर पसरतं, एका नांगराने उखडलेला तुकडा भरून यायला आपलं आयुष्य पुरत नाही.

न नाचणाऱ्या मित्राचा तर मला हेवा वाटतो, कारण अर्ध्या बेटावर सकाळी तो एकटाच असेल. शहरातल्या दाल्त व्हिलाची, म्हणजे टेकडीवरच्या जुन्या शहराची, तटबंदी सोळाव्या शतकातली आहे, तुर्की हल्ल्यांच्या धास्तीने बांधलेली. जोव्हान्नी बात्तिस्ता काल्व्ही या इटालियन अभियंत्याने तिचा आराखडा केला. आपल्या किल्ल्यांवर वाढलेल्या माणसाने तिथले बुरूज आवर्जून पाहावेत. सरळ उभ्या भिंतीऐवजी जाड, तिरकी भिंत आणि बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले बुरूज, सगळं तोफांचा मारा सोसण्यासाठी. पोर्ताल दे सेस ताउलेस या दारातून आत शिरा, ऊन उतरल्यावर. दगड गुळगुळीत झालेत, सपाट तळव्याच्या चपला घालू नका. जवळच पुइग देस मोलिन्सची टेकडी आहे. वर ऑलिव्हची झाडं आणि खाली खडकात कोरलेल्या तीन हजारांहून अधिक कबरी, फिनिशियन आणि कार्थेजच्या काळातल्या. दक्षिणेला सेस सालिनेसची मिठागरं त्या काळापासून चालत आली आहेत आणि आजही तिथे मीठ निघतं. स्थलांतराच्या दिवसांत त्यांत रोहित पक्षी उतरतात. मिठागरांच्या पलीकडे त्याच नावाचा सुंदर बीच आहे, शहरातून थेट बस जाते. शेजारचा एस काव्हाल्येत नग्न बीच आहे, माहीत असलेलं बरं.

एक पूर्ण दिवस फोर्मेंतेराला द्या. बोट अर्ध्या तासात तिथल्या ला सव्हिना बंदराला पोहोचवते. धक्क्यावरच सायकली भाड्याने मिळतात, मिठागरांच्या कडेने सेस इयेतेस बीचपर्यंतचा रस्ता सपाट आहे. पाणी आणि खाणं सोबत न्या, तिथली किनाऱ्यावरची हॉटेलं फार महाग आहेत. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा.

खाण्याचं. तुमच्या शाकाहारी मैत्रिणीला उपाशी राहावं लागणार नाही, पण विचारायला शिकावं लागेल. फक्त ‘सिन कार्ने’ म्हणजे ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण हॅम आणि ट्यूना अनेकांच्या लेखी त्यात मोडत नाहीत. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ (मांस नको, मासे नकोत, हॅम नको) असं तिन्ही म्हणा. टोमॅटो चोळलेला पाव, पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या, भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची एस्कालिवादा, गास्पाचो हे गार सूप, अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया, यावर दिवस छान जातात. भाज्यांचा पाएया (स्पॅनिश भाताचा प्रकार) सुद्धा माशाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. इथल्या ‘पायेसा’ सॅलडमध्ये सुका मासा असतो. एनसाइमादा हा गोड पाव डुकराच्या चरबीत बनतो. मासे खाणाऱ्यांनी बुइत दे पेइश चुकवू नये: आधी मासा आणि बटाटे, मग त्याच रश्श्यात शिजलेला भात. दुपारी ‘मेनू देल दिया’ मागा, दोन पदार्थ, पाव आणि गोड, बहुधा वीस युरोंच्या आत-बाहेर. रात्री नऊशिवाय लोक जेवायला बसत नाहीत. नळाचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ लागतं, बाटली विकत घ्या. कार्ड वापरताना यंत्राने रुपये की युरो विचारलं तर युरोच निवडा.

अमली पदार्थांबद्दल स्पष्ट बोलतो. कोणीतरी विचारेलच, बीचवर किंवा क्लबबाहेर. सार्वजनिक ठिकाणी नुसतं जवळ सापडलं तरी किमान ६०१ युरो दंड आहे आणि विक्रीचा संशय आला तर प्रकरण फौजदारी होतं. शिवाय त्या गोळीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. कोणाची तब्येत बिघडली तर ११२ लावा आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा.

तुमचे दिवस मी असे बसवेन. शुक्रवारी पोहोचा, संध्याकाळी दाल्त व्हिला. शनिवारी फोर्मेंतेरा, हवा बिघडली तर त्याऐवजी लास दालियासचा बाजार. रविवारी गाडी घेऊन उत्तरेला, आणि सूर्यास्ताला बेनिर्रासचा बीच, तिथे रविवारी लोक ढोल वाजवायला जमतात. सोमवारी उशिरा उठा, दुपारी झोप काढा आणि मग डीसी-टेन. मंगळवारी दुपारी सेस सालिनेस आणि संध्याकाळी दोघं-तिघं उशुआयाला. ज्याला नको त्याने बसने सांत आंतोनीला जावं. १९८० पासूनच्या काफे देल मार या बारसमोरच्या खडकांवर बसून सूर्यास्त आणि संगीत दोन्ही फुकट मिळतं. बुधवारी दुपारचं विमान.

भारतातून थेट विमान नाही. बार्सिलोना किंवा माद्रिदला उतरून तासाभराचं दुसरं विमान घ्यावं लागतं. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढणार असाल तर मध्ये एक रात्र ठेवा, पहिलं उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर काही जबाबदारी नसते. बार्सिलोनाहून रात्रभराची बोटही आहे.

शेंगेन व्हिसाचं शुल्क मोठ्यांना ९० युरो, सेवाकेंद्राचे पैसे वेगळे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला पंधरा दिवस म्हणतात, पण मुंबईत अपॉइंटमेंट मिळण्यातच वेळ जातो. सप्टेंबरसाठी मे-जूनमध्येच हालचाल करा. हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. क्लबची तिकिटं मात्र व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर पडल्यावरच, कारण त्यांचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत.